घोड्याच्या कुरणातली विषारी झाडे: ओळखायची कशी, काढायची कशी, आणि घोड्याने खाल्लीच तर

‘घोड्याला कळतं, तो विषारी झाडाला तोंड लावत नाही,’ असे नवख्यांना हमखास ऐकायला मिळते. हे अर्धेच खरे आहे. बहुतेक विषारी वनस्पती कडू, उग्र वासाच्या किंवा तोंडाला झोंबणाऱ्या असतात आणि पोटभर गवत मिळणारा घोडा त्या बाजूला सारून चरतो. पण गवत संपले, की निवडही संपते. कुरण उघडे पडले, घोडा लांबच्या प्रवासातून भुकेला आला, छाटलेली फांदी कुंपणाशी सुकत राहिली किंवा तेच झाड वैरणीच्या गठ्ठ्यात बांधले गेले, म्हणजे घोडा ते खातो. विषबाधेच्या बहुतेक घटना यांपैकीच कशात तरी बसतात. म्हणून झाडांची नावे पाठ करणे हा कामाचा एक भाग झाला. ते झाड खायची पाळी घोड्यावर कधी येते, हे समजणे त्याहून महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट घोड्याच्या शरीराची. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की घोड्याला उलटी होत नाही. कुत्र्यामांजराप्रमाणे नको ते खाऊन ओकून टाकण्याची सोय त्याला नाही. गिळले ते पुढेच जाते. त्यात तो दिवसाचे १४ ते १८ तास चरतो आणि रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा त्याला लागतो. ४५० किलोच्या घोड्याला हे साधारण ७ ते ९ किलो होतात. एवढा चारा कुरणातून मिळत नसेल आणि तुम्ही वैरण टाकत नसाल, तर उरलेली भर तो तणांनी, झुडपांनी आणि झाडाच्या सालीने घालतो.

घोडा सोडण्याआधी कुरण पायी फिरा

गाडीतून किंवा फाटकात उभे राहून केलेली पाहणी जमेस धरू नका. कुरणाच्या एका कडेपासून सुरुवात करून नांगराच्या तासांसारखे ३ ते ४ मीटर रुंदीच्या पट्ट्यांनी जा आणि या. सोबत जाड हातमोजे, खुरपे, जुनी वर्तमानपत्रे, वही, फोन आणि खुणेसाठी रंगीत चिंध्या बांधलेल्या काठ्या घ्या. संशयित रोप दिसले की तिथे काठी रोवायची. उपटायची घाई करू नका, आधी ओळख पटू द्या.

वहीत कुरणाचा कच्चा नकाशा काढा: फाटक, पाणी, सावली, ओहोळ, पडीक कोपरे. विषारी तण कुरणभर सारखे पसरलेले नसते. ते ठरावीक जागा धरते. फाटकाजवळची तुडवलेली माती, हौदाचे पाणी सांडून ओली राहणारी जागा, जुना उकिरडा, पुराचे पाणी येऊन गेलेला पट्टा, बाहेरून आणलेली माती किंवा खत टाकलेला भाग आणि कुंपणाची रेघ या सहा जागा नीट पाहिल्या, तर निम्मे काम झाले समजा.

कुंपणाच्या पलीकडचेही पाहायचे. कुंपणावरून मान काढून घोडा सहज दीड ते दोन मीटरपर्यंत पोचतो, आणि ‘पलीकडचे’ त्याला नेहमीच गोड लागते. म्हणून बाहेरच्या बाजूचा किमान ३ मीटरचा पट्टा तपासा. मग मान वर करा: कुरणावर झुकलेल्या फांद्या कोणत्या झाडाच्या आहेत? वादळात त्याच खाली येणार.

नमुना घेताना नुसते पान तोडू नका. मूळ, खोड, फूल, फळ, शेंग असे जे असेल ते सगळे घ्या आणि वर्तमानपत्रात दाबून ठेवा. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत ते दोन दिवसांत कुजते. फोटो काढायचे तर पाच: पूर्ण रोप, पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान खोडाला जोडले आहे ती जागा आणि फूल किंवा फळ. ओळख पशुवैद्यकाकडून किंवा वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून करून घ्या. फोटोवरून नाव सांगणारी फोनमधली ॲप अंदाज बांधायला बरी, पण ‘हे निर्धोक आहे’ एवढा निर्णय ॲपवर सोडू नका. गाजराच्या कुळातल्या वनस्पतींमध्ये खाण्याजोग्या आणि प्राणघातक जाती इतक्या सारख्या दिसतात, की भले भले चकतात.

पहिल्या वर्षी चारही ऋतूंत फिरा, कारण जी रोपे एका हंगामात जमिनीलगत पानांचा चपटा गुच्छ होऊन बसतात, तीच पुढच्या हंगामात कमरेएवढी होऊन फुलतात. वाढीच्या दिवसांत आठवड्याला एक फेरी आणि वादळ झाले की त्याच दिवशी एक.

कोणते झाड नेमके काय करते

कुळ आणि शास्त्रीय नावांपेक्षा परिणामाप्रमाणे गट लक्षात ठेवणे सोपे जाते.

पहिला गट तासाभरात किंवा दिवसात घात करणाऱ्यांचा. कण्हेर यात सगळ्यांत वर. तिच्यातली द्रव्ये हृदयाचे ठोके बिघडवतात. वजनाच्या ०.००५ टक्के इतकी वाळलेली पाने, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला २०-२५ ग्रॅम, जीव घ्यायला पुरतात. पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी आणि रुई याच वाटेच्या. थंड प्रदेशांतल्या बागांत कुंपणाला लावतात ते यू नावाचे सदाहरित झाडही हृदयावरच घाला घालते, आणि पुष्कळदा लक्षणे दिसण्याआधीच घोडा मेलेला सापडतो. एरंडाच्या आणि गुंजेच्या बिया चावल्या गेल्या, की आतड्याची नासाडी होते. एरंडाबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. झाड कुरणात नसले तरी एरंडीची पेंड खत म्हणून शेतात पडते, आणि रिसिन नावाचे विष त्या पेंडीतही असू शकते. खताची पोती घोड्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशी ठेवा. पाणथळ जागी वाढणारे वॉटर हेमलॉक याच गटातले. त्याची मुळे सर्वांत जहाल, आणि ओली जमीन नांगरली किंवा खणली की ती वर येतात.

दुसरा गट यकृत पोखरणाऱ्यांचा, आणि फसवा म्हणाल तर हाच. खुळखुळा आणि पिवळ्या फुलांचे रॅगवर्ट हे यातले प्रमुख. वाळलेली शेंग हलवली की आतल्या बिया वाजतात, त्यावरून खुळखुळ्याला हे नाव पडले. तागही त्याचाच भाऊबंद. या वनस्पतींतल्या अल्कलॉइडांचे यकृतातच घातक द्रव्यांत रूपांतर होते. त्यांनी यकृताच्या पेशींचे विभाजन थांबते, पेशी मरत जातात आणि त्यांच्या जागी निबर तंतू भरतात. हे सगळे काही आठवडे ते काही महिने चालते. रोज दोन-चार रोपे खाल्ल्याने एका दिवसात काही होत नाही, मात्र नुकसान साठत जाते. घोडा खंगू लागतो, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर होतो, पांढऱ्या केसांखालची कातडी उन्हाने भाजते, तो सारख्या जांभया देतो, भिंतीला डोके टेकून उभा राहतो किंवा दिशा नसल्यासारखा चालत सुटतो. ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागात खुळखुळ्याने होणाऱ्या या आजाराला चालण्याचाच रोग म्हणत. ही लक्षणे दिसेपर्यंत यकृताचा मोठा भाग गेलेला असतो आणि उपचाराला फारसा वाव उरत नाही. म्हणून कुरणात किंवा वैरणीत ही झाडे सापडली, तर सगळ्या घोड्यांच्या रक्ताची यकृत-तपासणी करून घ्या. जीजीटी नावाचे यकृताचे विकर (एन्झाइम) बाहेरची लक्षणे दिसण्याआधीच वाढलेले सापडू शकते.

तिसरा गट मेंदू आणि मज्जातंतूंचा. ब्रॅकन नावाच्या नेच्यातले विकर (एन्झाइम) जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते. रोजच्या चाऱ्यात पाचवा-चौथा हिस्सा नेचा असेल आणि तसे महिनाभर चालले, तर घोडा लडखडतो, पाय फाकून उभा राहतो. हे वेळीच ओळखले तर पशुवैद्यकाच्या ब-१ च्या इंजेक्शनांनी तो सावरतो, एवढा दिलासा या गटात इथेच आहे. पिवळे काटेरी स्टारथिसल काही आठवडे खात राहिलेल्या घोड्याच्या मेंदूचा ठरावीक भाग मरतो. ओठ आणि जबडा त्याच्या ताब्यात राहत नाही, तोंड पाण्यात असूनही पाणी ओढता येत नाही. यावर इलाज नाही. ओढ्याकाठी माजणाऱ्या बेशरमीत आणि अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांतल्या लोकोवीडमध्ये एकच विष आहे, स्वेन्सोनीन. लोकोवीडची चटक लागलेला घोडा चांगले गवत सोडून ते शोधत फिरतो, म्हणून अशा घोड्याला त्या कुरणात पुन्हा सोडता येत नाही. धोतऱ्याची गोष्ट वेगळी. उभ्या झाडाला घोडा सहसा तोंड लावत नाही, पण दाण्यात त्याच्या बिया मिसळल्या तर बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते आणि आतड्याची हालचाल मंदावून पोटशूळ उठतो.

चौथा गट रक्त आणि स्नायूंचा, आणि त्यात मेपल कुळातली झाडे पुढे. रेड मेपलची सुकत चाललेली पाने खाल्ल्यावर तांबड्या पेशी फुटतात. हिरड्या आधी फिक्या, मग पिवळ्या किंवा तपकिरी होतात आणि लघवी गडद होते. सरासरी घोड्याला पाऊण ते दीड किलो पाने घातक ठरतात. सायकॅमोर मेपल हे दुसरेच झाड. त्याच्या पंखवाल्या बिया शरदात गिरक्या घेत कुरणभर पडतात आणि वसंतात त्यांची कोवळी रोपे उगवतात. या बिया आणि रोपे दोन्हींतले हायपोग्लायसिन नावाचे द्रव्य स्नायूंचा ऊर्जेचा कारखाना बंद पाडते. घोडा ताठरतो, घामेजतो, काळपट लघवी करतो, आडवा होतो. बाधा झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक घोडे वाचत नाहीत. झाड शेजारच्या रानात असले तरी वारा बिया आणून टाकतो, त्यामुळे ‘माझ्या कुरणात मेपल नाही’ यावर निर्धास्त राहू नका.

याखेरीज हळूहळू त्रास देणारी, पण लोक चारा समजूनच घालतात अशी काही झाडे आणि गवते आहेत. सुबाभळीच्या पाल्याने घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात, खुरांवरही परिणाम होतो. शेळीला चालतो म्हणून तो पाला घोड्याला चालत नाही. सेटारिया, किकुयू, बफेल अशा गवतांत ऑक्झॅलेट जास्त असते. ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते, मग शरीर ते हाडांतून काढून घेते. काही महिने एवढेच गवत खाणाऱ्या घोड्याच्या चेहऱ्याची हाडे सुजून डोके मोठे दिसू लागते आणि चाल अवघडते. कोवळी ज्वारी आणि सुदान गवतात सायनाइड तयार होते. शिवाय अशा हिरव्या गवतावर घोडा बराच काळ चरला, तर मूत्राशयाला सूज येते, लघवी थेंबथेंब गळते आणि मागचे पाय लटपटतात. गाभण घोडीसाठी टॉल फेस्क्यू हे गवत वेगळ्या कारणाने वाईट. त्याच्या आत राहणारी बुरशी घोडीचे दूध आटवते आणि दिवस लांबवते, म्हणून शेवटचे तीन महिने तिला त्या गवतापासून दूर ठेवतात.

वाळल्यावर विष जाते का?

नवख्यांचा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज इथे आहे. काहींचे जाते, काहींचे तसेच राहते आणि काहींचे सुकतानाच वाढते.

बटरकपमधले तोंड पोळवणारे द्रव्य उडून जाते, म्हणून हिरव्या कुरणात त्रासदायक असलेले हे झाड वाळलेल्या वैरणीत निरुपद्रवी ठरते. कण्हेर, यू, खुळखुळा आणि रॅगवर्ट यांचे विष मात्र वाळल्यावर कायम राहते, जातो तो फक्त कडूपणा. उभे रॅगवर्ट वर्षभर टाळणारा घोडा वैरणीतले रॅगवर्ट गवतासकट चावून खातो, कारण त्याला ते वेगळे कळतच नाही. रेड मेपल आणि चेरी-आलुबुखार वर्गातली झाडे तिसऱ्या प्रकारची. फांदी मोडून पाने कोमेजू लागली, की धोका सुरू होतो. चेरीच्या पानांत तेव्हा सायनाइड सुटते. मेपलची पडलेली पाने महिनाभर घातक राहू शकतात.

यावरून कामाचा नियम एवढाच: कुरणात काहीही कापले, तोडले, उपटले किंवा फवारले, तर ते तिथून उचलले जाईपर्यंत घोडा आत येता कामा नये.

काढायचे कसे

थोडी रोपे असतील तर हाताने उपटणे सर्वांत खात्रीचे. चांगला पाऊस होऊन जमीन मऊ झाली की दुसऱ्या दिवशी निघा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कारण काही वनस्पतींचा चीक किंवा रस कातडीला सोसत नाही. रोपाभोवती पहार किंवा अरुंद दात्यांचे फावडे घालून माती सैल करा, मग खोड अगदी तळाशी धरून सरळ वर ओढा. घाईने ओढल्यास मुळांचे तुकडे आत राहतात आणि रॅगवर्टसारखी झाडे त्या तुकड्यांतून पुन्हा फुटतात. योग्य वेळ फुले येण्याआधीची. फुले आली असतील तर उपटलेले रोप जमिनीवर क्षणभरही टाकू नका, थेट गोणीत घाला, कारण उपटल्यावरही फुलांतले बी पिकते. रॅगवर्टच्या एका रोपाला ५० हजारांहून अधिक बिया येऊ शकतात आणि त्या मातीत दहा-दहा वर्षे जिवंत राहतात. म्हणजे हे काम एका वर्षाचे नाही. दर वर्षी किती गोण्या निघाल्या ते वहीत लिहा. आकडा उतरत असेल तर पद्धत बरोबर आहे.

उपटलेले ढीग कुरणाच्या कडेला सुकत ठेवणे ही नेहमीची चूक. घोडा कुंपणावरून मान काढतो आणि ढीग संपवतो. कण्हेरीच्या फांद्या जाळूही नका, धूरसुद्धा विषारी असतो. जनावरे पोचणार नाहीत अशा बंद जागी साठवून खोल खड्ड्यात पुरणे बरे.

नुसते गवत कापायचे यंत्र फिरवून विषारी तण जात नाही. दोन वर्षांत जीवनक्रम संपवणारे रॅगवर्ट फुलण्याआधी छाटले, तर ते मरायचे सोडून पुढच्या वर्षासाठी टिकून राहते, आणि छाटलेले तुकडे गवतात मिसळून अधिक धोकादायक होतात. मेपलची कोवळी रोपे कापूनही विषारीच राहतात. नेच्याबाबत मात्र वारंवार कापण्याचा उपयोग होतो. हंगामात दोन-तीनदा कापत राहिले, की जमिनीखालचे कंद काही वर्षांत दमतात.

तणनाशक पुष्कळ क्षेत्र व्यापले असेल तरच वापरा. रुंद पानांच्या तणावर चालणारे, गवताला न मारणारे औषध निवडा, मात्रा डब्यावरच्या पत्रकाप्रमाणे घ्या, आणि तण पानांच्या गुच्छाच्या अवस्थेत असताना, वारा पडलेल्या कोरड्या दिवशी फवारा. फवारणीनंतरचे दिवस धोक्याचे असतात. कोमेजणाऱ्या तणात साखर वाढते, कडूपणा दबतो आणि एरवी टाळलेले झाड घोड्याला चविष्ट लागते. पत्रकावर चराईबंदीचे दिवस लिहिलेले असतात. तो कमीत कमी काळ समजा, आणि तण पूर्ण वाळून, गोळा करून बाहेर गेल्यावरच घोडा सोडा. अमिनोपायरालिडसारखी काही तणनाशके घोड्याच्या पोटातून जशीच्या तशी लिदीत उतरतात. ते लीदखत टोमॅटो किंवा घेवड्याला घातले, तर रोपे आक्रसतात. मग खत घेणारा शेजारी वर्षभर नाव काढतो.

रिकामी जागा ठेवू नका

तण उपटल्यावर पडलेली उघडी माती ही पुढच्या तणाला दिलेली जागा असते. खड्डे बुजवून त्याच आठवड्यात गवताचे बी टाका आणि रुजेपर्यंत तेवढा तुकडा कुंपणाने बंद ठेवा.

खरे संरक्षण मात्र चराईच्या शिस्तीत आहे. कुरणाचे तीन-चार भाग करा. गवत १५ ते २० सेंटिमीटर झाले की घोडा आत, ७-८ सेंटिमीटरवर आले की बाहेर. घोडा पुढच्या वरच्या-खालच्या दातांनी गवत बुडखापाशी कुरतडतो, गाईसारखे जिभेने वेटाळून खात नाही, म्हणून तो राहू दिला तर गवताचा जीवच काढतो आणि मग मोकळ्या जमिनीवर तण राज्य करते. दोन चराईंमध्ये वाढीच्या हंगामात तीन-चार आठवडे विश्रांती, कोरड्या दिवसांत अधिक. याशिवाय गवत नसलेला एक कोरडा वाडा हवाच. अतिपाऊस, दुष्काळ, फवारणी, बी टाकलेले तुकडे अशा प्रत्येक वेळी घोडे तिथे बांधून वैरण घालता येते. तो नसेल तर वरचे सगळे नियम मोडायची वेळ येतेच.

आठवड्यातून दोनदा लीद उचला. घोडा आपल्या लिदीजवळचे गवत खात नाही. त्या जागी उंच, खरबरीत पुंजके होतात आणि त्यांच्या आडोशाने विषारी रोपे नजरेआड वाढतात. मिठाचा खडा कायम ठेवा. ४५०-५०० किलोच्या घोड्याला रोज साधारण २५-३० ग्रॅम मीठ लागते, आणि ते न मिळणारा घोडा माती, साल, झुडपे असे काहीबाही चावू लागतो.

वैरण आणि अंथरूण

कुरण स्वच्छ ठेवून वैरणीतून विष विकत आणले, असे होते. गठ्ठे ज्या शेतातून येतात ते कापणीआधी स्वतः पाहता आले तर उत्तम. नाही तर प्रत्येक खेपेतले दोन-तीन गठ्ठे उघडून थर थर सुटा करा आणि जाड खोड, शेंगा, बोंडे, काळपट रुंद पाने शोधा. गवताच्या मऊ काड्यांत ती लगेच वेगळी दिसतात. एका गठ्ठ्यात सापडले तर ‘तेवढे वेचून बाकीचे घालू’ असे करू नका. वाळलेली पाने चुरून सगळ्या गठ्ठ्यात मिसळलेली असतात.

बागेतली छाटणी आणि हिरवळ कापून निघालेला भुसा घोड्याला कधीच घालू नये. छाटणीत यू, कण्हेर, बॉक्स, ऱ्होडोडेंड्रॉन यांसारखे कोणते विषारी झाड आहे कळत नाही, आणि बारीक ओला भुसा तापून आंबतो, त्याने एरवीही पोटशूळ होतो. शेजारी प्रेमापोटी टोपलीभर आणून टाकतात. फाटकावर तशी ठळक पाटी लावलीत तर उद्धटपणा ठरणार नाही.

अंथरुणाला लाकडाचा भुसा वापरत असाल तर ब्लॅक वॉलनटची (काळ्या अक्रोडाची) भेसळ नाही याची खात्री करा. त्याचे थोडे प्रमाणही पुरते. घोडा त्यावर नुसता उभा राहिला तरी १२ ते २४ तासांत खुरांतल्या ऊतींना दाह होऊन तो पाय टेकेनासा होतो.

मोठी झाडे

प्रत्येक झाड तोडायची गरज नाही. ओकची विषारी फळे शरदात पडतात तेवढे आठवडे झाडाच्या पसाऱ्याच्या दोन-तीन मीटर बाहेरून विजेचे तात्पुरते कुंपण घातले की भागते. सायकॅमोर मेपलला हे पुरत नाही, कारण बिया वाऱ्याने दूर जातात. तिथे तो भाग शरदात आणि पुन्हा वसंतात बंद ठेवावा लागतो, किंवा घोड्यांना रोज भरपूर वैरण देऊन चरण्याचे तास कमी करावे लागतात. कण्हेर आणि यू यांच्याशी तडजोड नको. घोड्याच्या आवाक्यात ती नसावीतच. शेजाऱ्याची असतील तर त्या बाजूला दुसरे कुंपण घालून मध्ये ३ मीटरची मोकळी पट्टी ठेवा.

नवा घोडा सोडताना

प्रवासातून आलेल्या घोड्याला थेट कुरणात सोडू नका. आधी पाणी, मग कोरड्या वाड्यात मनसोक्त वैरण, आणि पोट भरल्यावरच कुरण. पहिल्या दिवशी तासभर, पुढे आठ-दहा दिवसांत हळूहळू वेळ वाढवा. दुसऱ्या प्रदेशातून आलेल्या घोड्याला इथली झाडे माहीत नसतात आणि तो चव घेऊन पाहतो. शिंगरेही खेळता खेळता काहीही चघळतात.

विषबाधेची शंका आली तर

१. आधी पशुवैद्यकाला फोन. लक्षणे वाढतात का ते पाहत बसू नका.

२. बाकीचे घोडे त्या कुरणातून बाहेर काढा. आजारी घोडा ताठरला, घामेजला, धापा टाकत असेल किंवा लघवी काळपट असेल, तर त्याला चालवू नका. जिथे आहे तिथेच उभा ठेवा, कारण हृदय किंवा स्नायू बिघडले असताना चालवणे जिवावर बेतते. पोटशूळात फिरवतात तसे इथे आपोआप करू नका.

३. समोरचा चारा काढून घ्या. तोंडात पाला अडकला असेल आणि घोडा शांत असेल तरच काढा. लडखडणाऱ्या किंवा आचके देणाऱ्या घोड्याच्या जवळ जाऊ नका.

४. बाटलीने तेल, दूध, ताक, कोळशाचे पाणी काहीही पाजू नका. गिळण्याची शक्ती गेलेल्या घोड्याच्या ते फुप्फुसात जाते. कोळसा द्यायचा तर पशुवैद्यक नळीने जठरात देतात आणि तो औषधी कोळसा दर किलो वजनाला १ ते २ ग्रॅम लागतो. म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला जवळजवळ अर्धा ते एक किलो. चमचाभर चुलीतला कोळसा चाटवून काही होत नाही.

५. पशुवैद्यक येईपर्यंत नोंदी घ्या. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने बोटे टेकवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. स्वस्थ घोड्याची ती मिनिटाला २८ ते ४४ असते, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. हिरडीचा आणि लघवीचा रंग लिहा, जमल्यास लघवी स्वच्छ बाटलीत धरा.

६. संशयित झाडाचा नमुना, वैरणीतला एक ओंजळभर नमुना गठ्ठ्याच्या आतून काढलेला, आणि घोडा गेल्या काही आठवड्यांत कुठे चरला त्याची माहिती तयार ठेवा. यकृताच्या विषबाधेत दोष बहुधा आजच्या चाऱ्यात नसतो, तीन महिन्यांपूर्वीच्या गठ्ठ्यात असतो.

कातडी उन्हाने भाजलेली दिसली तर घोड्याला लगेच सावलीत किंवा पागेत घ्या आणि दिवसा बाहेर काढू नका. घोडा दगावला तर पुरण्याची घाई न करता शवविच्छेदन करून घ्या. जठरातला चावलेला पाला बरेचदा नेमके झाड सांगून जातो, आणि त्याच कळपातल्या इतरांवर काय उपचार करायचे ते त्यावर ठरते. ज्या घोड्यांना अजून काही दिसत नाही त्यांचेही रक्त तेव्हाच तपासा, आणि साधारण महिन्याभराने पुन्हा एकदा.